खलनायकाचे पूर्वचरित्र आणि वेरूळचा रावण

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाला आम्ही एक निबंध लिहावयास सांगितला होता. विषय होता ‘एका खलपुरुषाचे चरित्र’. नावे अपेक्षेप्रमाणेच आली. ‘भावबंधन’मधला घनश्याम आला, घाशीराम कोतवाल आला, शकुनी तर पाचसहा वह्यांत आला. एका वहीत मात्र आर्थस नावाचा कोणी राजपुत्र होता. हा कोणत्या नाटकातला म्हणून चौकशी केली तेव्हा कळले की तो नाटकातला नाही, कादंबरीतलाही नाही, संगणकावर खेळावयाच्या एका खेळातला आहे. आम्ही वहीवर लाल शाईने ‘विषय साहित्यबाह्य’ असा शेरा मारला आणि ती परत केली. तो शेरा चुकला होता असे आम्हांला आज वाटते. का वाटते ते सांगावयाचे तर वेरूळपर्यंत जावे लागेल. पण आधी त्या राजपुत्राची हकीगत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण या लेखाच्या बहुतेक वाचकांना ती ठाऊक नसणार.

२००२ साली ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने ‘वॉरक्राफ्ट’ मालिकेतला तिसरा खेळ काढला. त्यात लॉर्डेरॉन नावाचे एक काल्पनिक राज्य आहे आणि त्याचा युवराज आर्थस हा आरंभी नायक आहे. वडिलांचा लाडका, धर्मयोद्ध्यांच्या पंथात दीक्षा घेतलेला, प्रजेसाठी जीव टाकणारा. राज्यात एक विचित्र साथ पसरते. बाधित धान्य खाल्लेली माणसे मरतात आणि मेल्यावर शत्रूच्या सैन्यात उठून उभी राहतात. एका नगरात ते धान्य वाटून झाले आहे असे कळल्यावर आर्थस ठरवतो की नगरवासी अजून माणसे आहेत तोवरच त्यांना ठार केले पाहिजे. गुरू विरोध करतो, प्रेयसी पाठ फिरवते. तो नगर कापून काढतो. पुढे सूड उगवण्यासाठी उत्तरेच्या हिमप्रदेशात जातो, तिथे एक शापित तलवार उचलतो, आणि परत येऊन त्याच तलवारीने सिंहासनावर बसलेल्या आपल्या बापाला मारतो. २००३च्या पुरवणी-खेळात तो मृतांचा राजा होतो. २००८ साली निघालेल्या पुढच्या खेळात लक्षावधी खेळाडू त्यालाच मारण्यासाठी निघतात. २००९ साली त्याच्या बालपणापासूनचे चरित्र सांगणारी क्रिस्टी गोल्डन यांची कादंबरीही निघाली.

निबंधात हे सारे होते, आणि शेवटी एक वाक्य होते ज्याकडे आम्ही त्या वेळी लक्ष दिले नाही. वही परत घेताना त्या मुलाने तेच तोंडी सांगितले. “सर, ते नगर मीच कापले होते. त्याला मीच चालवत होतो.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तो प्रसंग विसरलो. आठवला तो पुढे वेरूळला, चौदाव्या लेण्यात.

छत्रपती संभाजीनगरहून (२०२३पर्यंतचे औरंगाबाद) वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. बहुतेक प्रवासी कैलासापाशी उतरतात, तिथेच दमतात आणि परत फिरतात. चौदावे लेणे कैलासापासून फार दूर नाही, पण तिकडे वर्दळ कमी. लोक त्याला ‘रावण की खाई’ म्हणतात. नाव गमतीचे आहे. आत दुर्गा आहे, गजलक्ष्मी आहे, भूमीला वर काढणारा वराह आहे, सप्तमातृका आहेत. पण लोकांनी लेण्याला नाव दिले ते एका पटात पर्वताखाली दडलेल्या राक्षसाचे. दक्षिणेकडच्या भिंतीवर शैव पट ओळीने कोरलेले आहेत. महिषासुरमर्दिनीच्या शेजारी शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसली आहेत. भृंगी डावाकडे पाहतो आहे, खाली नंदी आणि बालगणांचा गोंधळ. नटराजाचा पट ओलांडला की कैलास पर्वत येतो. वर तेच जोडपे आहे, आणि खाली पर्वताला हात घातलेला रावण.

खेळ आणि खलनायक एकाच भिंतीवर पाहिले तेव्हा त्या परत केलेल्या वहीची आठवण झाली हे कबूल केले पाहिजे. शिल्पकारांच्या मनात असला संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण रावणाचा विषय त्यांच्या मनातून जात नव्हता हे उघड आहे. सहाव्या शतकातल्या एकविसाव्या (रामेश्वर) आणि एकोणतिसाव्या (धुमार) लेण्यांत तो आहे, चौदाव्यात आहे, आणि राष्ट्रकूट कृष्णराज पहिला याच्या काळी, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, एकसंध खडकातून कैलास खोदला गेला तेव्हा त्याच्या दक्षिण अंगाला तोच प्रसंग सर्वांत मोठ्या आवेशाने पुन्हा कोरला गेला. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, राजवटी बदलल्या, कारागिरांच्या पिढ्या बदलल्या, तरी या डोंगरात रावण पर्वत हलवीतच राहिला. याच डोंगरात पंधराव्या लेण्यात हिरण्यकशिपूला नरसिंहाने धरले आहे, अंधकासुराला शिवाने त्रिशूळावर घेतले आहे. असुर मरताना दाखवणे वेरूळला वर्ज्य नव्हते. रावणाचा मात्र मरण्याआधी कितीतरी वर्षांचा, तरुणपणीचा प्रसंग मोठ्या पटांसाठी पुन्हा पुन्हा निवडला गेला.

हा प्रसंग कुठून आला? वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडातून. आता उत्तरकांड हे मूळ काव्याला मागून जोडलेले आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि साहित्याचे विद्यार्थी एवढे वाक्य पाठ करून पुढे जातात. आमच्या मते थांबावयाचे ते येथेच. मागून जोडले, पण काय जोडले? उत्तरकांड म्हणताच आपल्याला सीतात्याग आठवतो, शंबूक आठवतो. पण त्या कांडाचा आरंभीचा फार मोठा भाग, तीस-चौतीस सर्ग, रावणाचे चरित्र आहे. युद्ध संपले आहे. राज्याभिषेक झाला आहे. ऋषी अयोध्येच्या दरबारात अभिनंदनाला आले आहेत. त्यांत अगस्त्य आहेत. बोलता बोलता रावणाच्या कुळाचा विषय निघतो, राम विचारतो, आणि अगस्त्य सांगू लागतात. ज्याला मारले त्याची कथा मारणाऱ्याला, मारून झाल्यावर, सांगितली जाते.

या रचनेत केवढे धैर्य आहे! युद्धकांडात आपण रावणाला दहा तोंडांचा शत्रू म्हणून पाहिलेला असतो. आता कळते की तो पुलस्त्याचा नातू, विश्रव्याचा मुलगा आहे. आई कैकसी ही सुमाली राक्षसाची मुलगी. सावत्र भाऊ कुबेर पुष्पक विमानातून बापाला भेटायला येतो, त्याचे तेज पाहून आई आपल्या मुलाला म्हणते की बघ, तुझा भाऊ बघ, तूही असा हो. शेजारच्या श्रीमंत चुलतभावाकडे बोट दाखवणारी आई आपल्याला ओळखीची आहे. मुलगा संतापतो आणि भावंडांना घेऊन गोकर्णाला तपाला बसतो. एकेक सहस्र वर्षे गेली की एकेक मस्तक अग्नीत टाकतो. नऊ मस्तके जातात, दहाव्याला हात घालतो तेव्हा ब्रह्मदेव प्रकटतो. वर मागताना तो देव, दानव, यक्ष, नाग यांच्यापासून अभय मागतो आणि माणसांना वगळतो, कारण माणूस त्याला गवताच्या काडीसारखा वाटतो. कथेचे सगळे भवितव्य त्या एका वगळण्यात आहे.

मग लंका, मग कुबेराचे पुष्पक, आणि मग कैलास. विमान अडते. नंदी सांगतो की पुढे जाऊ नको, वर शंकराची क्रीडा चालली आहे. नंदीचे वानरासारखे तोंड पाहून रावण हसतो आणि वानरांच्या हातून नाश होईल असा शाप घेतो. तरी पर्वताखाली हात घालतो. पर्वत हलतो, पार्वती घाबरून शिवाला बिलगते, शिव पायाच्या अंगठ्याने पर्वत नुसता दाबतो. हात चिरडून रावण ओरडतो, आणि मग सहस्र वर्षे रडत, स्तुती करत तिथेच अडकून राहतो. शेवटी शिव प्रसन्न होतो आणि दोन गोष्टी देतो: चंद्रहास तलवार आणि नाव. तोवर तो दशग्रीव होता. ज्या आक्रोशाने तिन्ही लोक हादरले त्या ‘रवा’वरून तो रावण झाला. आपण ज्याला गर्जनेचे नाव समजतो ते मुळात कळवळून ओरडण्याचे नाव आहे, आणि ते हरवणाऱ्यानेच ठेवलेले आहे.

एवढ्यावर थांबले तर रावण आपल्याला मोहून टाकतो. वेरूळचे शिल्पकार तेवढ्यावरच थांबले, आणि ते निवडीने थांबले असे आम्हांला वाटते. कारण वाल्मीकिरामायणात कैलासाच्या पुढचाच सर्ग वेदवतीचा आहे. हिमालयात तप करणारी ती मुलगी. रावण तिचे केस धरतो, ती ते केस तोडून टाकते आणि अग्नीत शिरते, पुन्हा जन्म घेऊन तुझ्या नाशाला कारण होईन असे सांगून. ज्याने नुकतीच सहस्र वर्षे वेदना भोगली, ज्याला देवाने नुकतेच उराशी धरले, त्याचे डोंगरावरून उतरल्यावरचे हे वर्तन. पुढे रंभेचा प्रसंग येतो, तो याहून वेगळा नाही. अगस्त्यांनी यातले काहीही वगळलेले नाही. त्यांच्या कथनात आईचे टोमणेही आहेत आणि वेदवतीही आहे. एकीमुळे दुसरी माफ होत नाही.

त्या निबंधाला आमचा खरा आक्षेप घ्यावयाचा होता तो या ठिकाणी. मुलाने लिहिले होते की आर्थस वाईट नव्हता, परिस्थितीने त्याला तसे केले. हे वाक्य आजकाल आपल्या कादंबऱ्यांतून, चित्रपटांतून, पौराणिक पात्रांच्या आत्मकथनपर पुस्तकांतून इतक्यांदा येते की ते म्हणीसारखे गुळगुळीत झाले आहे. खलनायकाचे पूर्वचरित्र सांगावयाचे म्हणजे त्याचे वकीलपत्र घ्यावयाचे अशी समजूत रुजली आहे. हा आक्षेप निबंधाच्या समासात लिहिता आला असता. तो लिहिण्याऐवजी आम्ही विषयच नाकारला, आणि त्या मुलाचे शेवटचे वाक्य तर या आक्षेपाच्या पुढे गेलेले होते.

संस्कृत काव्यशास्त्राने या प्रश्नाला एक व्यवहारी उत्तर दिलेले आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त म्हटले आहे की शत्रूचा वंश, पराक्रम, विद्या यांचे वर्णन करावे आणि मग त्याच्यावरील विजय सांगावा, म्हणजे नायकाचा उत्कर्ष अधिक रुचतो. धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायकाची लक्षणे येतात: लोभी, उद्धत, ताठर, पापी, व्यसनी. वर्गात आम्ही ही दोन्ही वचने शिकवत आलो आहोत आणि ती समाधानकारकही वाटतात. रावण मोठा, म्हणून राम त्याहून मोठा. पण वेरूळच्या पटापुढे उभे राहिले की दंडीचे गणित बसत नाही. तिथे राम नाहीच. शिव आहे, पण तो लढत नाही. त्याच्या चेहऱ्यावर श्रमाची रेघ नाही. कैलासातल्या पटात सारी हालचाल तीन ठिकाणी आहे: शिवाच्या हाताला धरून मागे कललेली पार्वती, भीतीने पाठ फिरवून पळणारी दासी, आणि खाली अंधारात गुडघा टेकून सर्व हातांनी पर्वताला भिडलेला रावण. त्याला खडकातून इतके सुटे काढले आहे की त्याच्याभोवती खरी पोकळी आहे, आणि त्या पोकळीत दुपारीही काळोख असतो. नायकाचा उत्कर्ष हा या शिल्पाचा विषय आहे असे ते पाहिलेला माणूस म्हणणार नाही. त्याच कैलासाच्या आवारातल्या ओवरीत आणखी एक रावण आहे. तो शिवलिंगाला आपली मस्तके कापून वाहतो आहे. वाल्मीकींच्या उत्तरकांडात ही मस्तके ब्रह्मदेवासाठी अग्नीत पडली होती. येथल्या शैवांनी ती शिवाकडे वळवून घेतली. परळीच्या वैद्यनाथाची कथा हीच: मस्तके पुन्हा जोडणारा तो वैद्य. मराठवाड्यातल्या दोन देवस्थळांना रावणाच्या कापलेल्या डोक्यांचा असा आधार आहे.

आणि हे वेरूळपुरते नाही. रावणाच्या चरित्राशी महाराष्ट्राचा संबंध भाषेच्या मुळापर्यंत जातो. पाचव्या शतकात वाकाटक राजा प्रवरसेन दुसरा याने महाराष्ट्री प्राकृतात ‘सेतुबंध’ रचले. त्या काव्याचे दुसरे नाव ‘रावणवहो’, म्हणजे रावणवध. नाव खलनायकाचे, पण कवीची सारी शक्ती समुद्र आणि सेतू यांवर खर्च झालेली. त्याहून आमच्या विषयाला जवळचे आहे ते विमलसूरींचे ‘पउमचरिय’. तेही महाराष्ट्री प्राकृतातच, आणि उपलब्ध जैन रामकथांत सर्वांत जुने. त्याचा आरंभ एका शंकेने होतो. मगधाचा राजा श्रेणिक गौतम गणधरांना विचारतो की रावणासारखा मोठा पुरुष मांस खाणारा राक्षस कसा असेल? कुंभकर्ण सहा महिने झोपतो हे कोणी खरे मानावे? वानरांनी असल्या वीरांना मारले हे कसे? आजचा चिकित्सक विद्यार्थी विचारील तसेच हे प्रश्न आहेत, आणि उत्तरे तितकीच सडेतोड. ‘राक्षस’ हे विद्याधरांच्या एका वंशाचे नाव. दहा तोंडे म्हणजे गळ्यातल्या रत्नहारात पडलेली नऊ प्रतिबिंबे. इच्छा नसलेल्या परस्त्रीला स्पर्श करणार नाही असे त्याचे व्रत होते, म्हणून सीता सुरक्षित राहिली. त्याला मारतो तोही लक्ष्मण, राम नाही, कारण जैन कथेतल्या रामाच्या हातून हिंसा घडू शकत नाही. रावण नरकात जातो; पुढे केव्हातरी तो तीर्थंकर होणार आहे असेही जैन परंपरा सांगते.

या कथेतही रावण पर्वत उचलतो. मात्र तो पर्वत अष्टापद, वर तप करीत बसलेला वाली मुनी, आणि अंगठा दाबतो तो वाली. ओरडण्यावरून नाव पडते तेही तसेच. वेरूळच्या रांगेत शैव लेणी ओलांडून उत्तरेकडे चालत गेले की जैन लेणी लागतात, तीस ते चौतीस. त्यांतल्या तिसाव्याला ‘छोटा कैलास’ म्हणतात, मोठ्या कैलासाची लहान प्रतिकृती, अपुरी राहिलेली. एकाच डोंगराच्या दोन टोकांना बसणाऱ्या श्रोत्यांना रावणाची गोष्ट दोन प्रकारे ठाऊक असणार, आणि पर्वत कोणी दाबला याबद्दल त्यांच्यात वाद झाला असता, तरी रावण ओरडला याबद्दल झाला नसता. आम्हांला ही कल्पना फार आवडते.

मराठी रामकथेकडे आपण आता वळू, पण तिथे फार थांबणार नाही. पैठण वेरूळपासून लांब नाही. एकनाथांनी तिथे ‘भावार्थ रामायण’ लिहावयास घेतले. रावण म्हणजे अहंकार हा त्यातला भावार्थ कीर्तनांतून घरोघर गेला, आणि रावणाच्या बंदीत देव राबतात हे चित्रही. नाथांनी युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत लिहिले आणि राहिलेले काम शिष्य गावबाने पुरे केले असे परंपरा सांगते. तेव्हा उत्तरकांड, म्हणजे रावणाचे पूर्वचरित्र ज्या कांडात येते ते, नाथांच्या हातचे नाही. वाल्मीकींच्या बाबतीत अभ्यासक जे अनुमानाने सांगतात ते पैठणला परंपरेनेच घडलेले दिसते: युद्ध एका हाताने लिहावे आणि मेलेल्याचे चरित्र मागाहून दुसऱ्याने. वॉरक्राफ्टच्या खेळानंतर सात वर्षांनी कादंबरी येते तेव्हा आपण त्याला बाजाराची युक्ती म्हणतो. बाजार त्यात आहेच. पण खलनायक आधी कसा होता हे मागाहून कोणीतरी विचारतोच, आणि हा प्रश्न बाजारापेक्षा जुना आहे.

रंगभूमीवर तर रावणाचे नावच खरे झाले. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि त्या परंपरेच्या नाटकांतून राक्षस ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत प्रवेश करू लागले. त्या आरोळीची पुढे पुष्कळ टिंगल झाली. पूर्वचरित्र नसलेला राक्षस आरोळीशिवाय काय करणार? दुसऱ्या बाजूला जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त पुराणातले असुर उलट बाजूने वाचून बळीला राजा केले, आणि अकोला जिल्ह्यात सांगोळ्याला दसऱ्याच्या दिवशी रावणाच्या पाषाणमूर्तीची पूजा होते. हे दोन्ही विषय स्वतंत्र लेखाचे आहेत.

आता पुन्हा खेळाकडे. २०२० साली पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. सर्कशीत काम करणारी अनाथ राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू. असुर मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो, आणि दुर्गा आपले शस्त्र राजीच्या हाती देते. राजस्थानी वाड्यांसारखी नगरे, पहाडी शैलीची चित्रे, वर आकाशातून दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत राजीची कथा सांगत असतात. देव वर बसून डाव पाहत आहेत ही मांडणी चौदाव्या लेण्यातून आली नसेल. पण तिथे ती आधीपासून आहे एवढे खरे. भिंतींवरच्या चित्रांतून देवांच्या कथाही मधूनमधून सांगितल्या जातात. खेळातला खलनायक महाबलासुर. हा लेख लिहिण्यासाठी आमच्या भाचीने तो खेळ आमच्यासमोर खेळून दाखवला. (आमच्या स्वतःच्या हातून राजी पहिल्याच उंच भिंतीवरून चारदा पडली.) जे पाहिले ते देखणे होते. महाबलासुर मात्र आमच्या मनात राहिला नाही. तो प्रचंड आहे, दुष्ट आहे, पण त्याला आई नाही, सावत्र भाऊ नाही, त्याने कधी काही गमावलेले नाही. तो आरोळी ठोकत येणाऱ्या राक्षसांच्या कुळातला आहे. ज्या भूमीत रावणाच्या एका अंगठ्याएवढ्या प्रसंगावर दोनशे वर्षे छिन्नी चालली तिथल्या खेळाकडून आम्ही अधिक अपेक्षा केली हे आमचे म्हातारपण असेल.

खेळ पाहताना एक गोष्ट मात्र नव्याने उमगली, आणि ती त्या मुलाच्या वाक्याकडे पुन्हा घेऊन गेली. वाचक आणि खेळाडू यांच्यातला फरक आम्ही वर्गात कधी मांडला नव्हता. उत्तरकांड वाचणारा वाचक अगस्त्यांच्या शेजारी बसलेला असतो. रावणाने जे केले ते दुसऱ्या कोणी केले, फार पूर्वी केले. वॉरक्राफ्टमध्ये आर्थस नगरात शिरतो तेव्हा त्याला पुढे नेणारे बोट खेळणाऱ्याचे असते. दुसरा मार्ग दिलेला नसतो. पुढे जावयाचे तर नगर कापलेच पाहिजे, नाहीतर खेळ बंद करा. सहा वर्षांनी त्याच माणसाला मारावयास तोच खेळाडू निघतो. मारून झाल्यावर सिंहासनापाशी मेलेल्या बापाचे भूत येते, आणि आर्थस त्याच्या पायाशी मरतो. त्या वेळी ज्याने २००२ साली ते नगर कापले होते तो कोणत्या बाजूला उभा असतो?

रामालाही उत्तरकांडात असेच काही वाटले असावे काय? कथा ऐकता ऐकता तो एकदा मध्येच विचारतो की त्या काळी पृथ्वीवर कोणी वीर नव्हते काय, रावणाला कोणी कधी हरवलेच नाही? मग अगस्त्य कार्तवीर्य अर्जुनाची आणि वालीची हकीगत सांगतात: एकाने रावणाला कैद केले, दुसऱ्याने काखेत धरून समुद्रासमुद्रावर फिरवले. हा प्रश्न आम्ही इतकी वर्षे विजेत्याच्या कुतूहलाचा समजत होतो. आता तो तसा वाचवत नाही. वालीचे नाव रामासमोर निघते, आणि वालीला रामानेच झाडाआडून मारलेले आहे. रावणाचे चरित्र ऐकताना त्याचे स्वतःचे चरित्रही मधून डोकावते, आणि अगस्त्य ते टाळत नाहीत. याच कांडात पुढे सीतेला रथात बसवून अरण्यात सोडले जाणार आहे. ज्याने हे कांड जोडले त्याने दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत का गुंफल्या, ते ‘प्रक्षिप्त’ या एका शब्दाने सुटत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही वर्गाला घेऊन पुन्हा वेरूळला गेलो. कैलासाच्या दक्षिण अंगाला, कडा आणि मंदिर यांमधल्या भागात, दुपारी तीनच्या सुमारास उजेड शिवपार्वतीपर्यंत येतो आणि तिथे थांबतो. मुले मोबाईलवर छायाचित्रे काढत होती. एकीने काढलेले चित्र दाखवले. वर शिव, पार्वती, पळणारी दासी सगळे स्पष्ट, खाली नुसता काळा चौकोन. तिने उजेड वाढवून पुन्हा काढले तेव्हा वरची दोघे पांढरीफटक झाली आणि खालून आधी एक गुडघा दिसला, मग हात. एवढ्यात पहारेकऱ्याने शिटी वाजवली, कारण मागच्या रांगेतला कोणीतरी नीट दिसावे म्हणून जोत्यावर चढला होता.

लाल शाईचा तो शेरा ज्या वहीवर आहे ती वही आमच्यापाशी नाही. त्या विद्यार्थ्याचा पत्ता शोधला तेव्हा कळले की तो बंगळूरला असतो आणि खेळांसाठी पात्रांच्या कथा लिहितो. त्याला पत्र पाठवले आहे, आणि निबंधाची प्रत असल्यास धाडावी म्हणून विनंती केली आहे.